माझ्यामागून म्हणा

लग्न होऊन मी नागपुरात सक्करदऱ्याच्या घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, मागच्या अंगणात दात घासत असताना, भिंतीपलीकडून माझीच चर्चा ऐकू आली.

"दौलतभाऊच्या घरी नवी सून आली आहे. कोल्हापूरकडची आहे. तिकडचे लोक तिखट खातो म्हणतात, पण काल आपल्या रश्श्यानं तिच्या डोळ्यातून पाणी काढलं. पोरगी बोलली काही नाही, गपचूप जेवली. तिले सांभाळ. अन् दौलतभाऊची खोकल्याची बाटली सरली आहे, ते आणाले विसरते, त्याहिले आठवण दे. माह्या सायकलचा मागचा टायर तं तू पाहिलाच असशील. त्याच्याबद्दल मी काही बोलत नाई."

माझा संताप झाला. सासरी येऊन एक दिवस नाही झाला आणि माझ्या डोळ्यांतल्या पाण्याची बातमी शेजारी पोहोचलीसुद्धा! तोंडात ब्रश तसाच ठेवून मी चवड्यांवर उभी राहिले आणि भिंतीवरून डोकावले. पलीकडे पेरूच्या झाडाखाली एक उंच, किडकिडीत गृहस्थ हात मागे बांधून, डोळे मिटून उभे होते. त्यांच्यासमोर कुणीच नव्हतं.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. "आत्याबाई, शेजारी कुणीतरी स्वतःशीच बोलतंय हो."

सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "अवं, स्वतःशी नाई, देवाशी. मास्तर प्रार्थना करून राहिले. तू मधातून काहून आली? समोरच्यायच्या पोट्टीचं जमलं का नाई, ते ऐकून याचं होतं."

सायमन साळवे हे त्यांचं नाव. कधीकाळी मिशनच्या शाळेत शिकवत होते, म्हणून सगळ्या मोहल्ल्याचे ते सायमन मास्तर. पुढे मिशननं त्यांना सुवार्तिक केलं. म्हणजे सायकलवरून गावोगाव जायचं, आठवडी बाजारात उभं राहून येशूच्या गोष्टी सांगायच्या, छोट्या पुस्तिका विकायच्या आणि महिनाअखेर साहेबांना अहवाल द्यायचा. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. वडिलांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर होतं, तेवढंच आमच्या भिंतीला लागून. मी गेले तेव्हा ते पन्नाशीचे असतील. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट आहे ही.

नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा माणसं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फिरतात, तेव्हाही मास्तर काळा कोट घालून निघत. कुणी टोकलं तर म्हणत, "देवाच्या कामावर बनियनवर जाऊ काय?" सायकलला घंटी नव्हती. घंटीनं माणूस दचकतो, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी ते स्वतःच ओरडत जात, "सरका बाप्पा, सरका, मले ब्रेक नाई!" आणि हे ऐकून माणसं घंटीपेक्षा दसपट दचकत.

पण त्यांची खरी ख्याती प्रार्थनेची. मास्तर देवाशी जितकं बोलत तितकं मी दुसऱ्या कुणाला बोलताना पाहिलं नाही. त्यात स्तोत्रबित्र काही नसे. सकाळी उठून ते देवाला कालचा वृत्तांत देत, आणि तो देताना आवाज लहान करायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या घरी जेवायला बसले की आधी आभार मानायचे, आणि ते आभार पार शेतातल्या गव्हापासून सुरू होत. एकदा सासूबाईंनी गरम भजी केली होती. मास्तरांनी डोळे मिटले. माझे सासरे, म्हणजे त्यांचे जिवलग मित्र दौलतभाऊ, शेजारीच बसले होते. सासऱ्यांना मी इकडच्या रीतीनं मामाजी म्हणे. मामाजींनी जरा वाट पाहिली आणि मग हळूच मास्तरांच्या ताटाकडे हात नेला. मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते. प्रार्थनेचा सूरही बदलला नाही.

"अन् हे प्रभू, दौलतभाऊनं आत्ताच माह्या ताटातली दोन भजी उचलली आहेत. त्याहिले क्षमा कर. अन् तिसऱ्या भज्यापासून त्याहिचा हात दूर ठेव. आमेन."

मामाजींचा मूळचा गाव भिवापूर. मिरचीचा गाव तो, त्यामुळे इतवारीत त्यांची मिरचीची अडत होती. स्वभाव असा की समोरच्याला 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. दारावर वर्गणी मागायला कुणीही येवो, मामाजी "हाव" म्हणत. एकदा निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन उमेदवार एकाच संध्याकाळी आमच्या ओट्यावर आले. मामाजींनी दोघांनाही, एकमेकांदेखत, "मत तुम्हालेच" असं सांगून चहा पाजला आणि दोघेही समाधानानं गेले. घरात सत्यनारायण होई, मामाजी दर्ग्यावर चादर चढवून येत, कुण्या बाबांनी सोमवार धरा म्हटलं की सोमवार धरत आणि सोमवारी कुणी साबुदाण्याऐवजी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, पुढे केली तर तीही खात. मी माहेरी कडक उपासाच्या घरात वाढलेली. मला हे सगळं पाहून घेरी यायची.

या दोघांची रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक. आणि या बैठकीत मास्तरांच्या जिवाला एकच घोर. तो त्यांनी कधी लपवला नाही.

"सूनबाई," मला एकदा म्हणाले, "मी मेल्यावर प्रभूपाशी जाईन याची मले खात्री आहे. पण हा माणूस तिथं नसला तं मी भांडू कोणाशी वं? देवदूत तं सगळे ऐकूनच घेणारे असन."

हे ते हसत म्हणाले. पण त्यात थट्टा कमी आणि काळजी जास्त होती, हे मला तेव्हाही कळलं. त्यांची श्रद्धा एकदम खरी होती. मित्राला अगदी मनापासून प्रभूकडे वळलेलं त्यांना पाहायचं होतं. आणि वीस वर्षं ज्याच्याबरोबर चहा प्यायला त्याला ते जबरदस्ती करणार नव्हते.

अशात मिशनला नवे मोठे साहेब आले, मुंबईहून. हुशार, टापटीप, कामाचा माणूस. त्यांनी सगळ्या सुवार्तिकांना बोलावून एकेक गठ्ठा दिला. गुलाबी रंगाची छापील कार्डं. त्यावर एक लहानशी प्रार्थना होती. मी पापी आहे, मला पश्चात्ताप होतो, येशूला मी अंतःकरणात घेतो, आमेन. साहेबांची पद्धत सोपी होती. माणसाला थोडं सांगायचं, मग म्हणायचं, 'माझ्यामागून म्हणा.' एकेक ओळ वाचायची, त्यानं ती म्हणायची, की झालं, तो माणूस प्रभूचा. मागच्या बाजूला नाव लिहायचं आणि कार्ड ऑफिसात जमा करायचं.

मास्तरांना आधी ही कल्पना फार आवडली. इतकी वर्षं आपण उगाचच बोलत सुटलो, ही तर पाच मिनिटांची गोष्ट, असं त्यांना वाटलं. आणि पहिलं कार्ड कुणासाठी काढायचं याचा त्यांना विचारच करावा लागला नाही. त्या संध्याकाळी ते कोटाची सगळी बटणं लावून ओट्यावर आले. घसा खाकरून म्हणाले, "दौलतभाऊ, मी म्हणतो तसं माह्यामागून म्हणाल काय?"

"हाव," मामाजी म्हणाले.

आणि म्हणाले की! अगदी खणखणीत आवाजात, एकही शब्द न गाळता. 'मी पापी आहे' हे तर त्यांनी इतक्या आनंदानं म्हटलं की रस्त्यावरून जाणारा दूधवाला थांबला. शेवटी 'आमेन' झालं. मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी मामाजींना मिठी मारली, मग मला बोलावून माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग दूधवाल्यालाही मिठी मारली. मामाजी भारावून बघत होते. मास्तर गेल्यावर ते आत आले, हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि सासूबाईंना म्हणाले, "पौर्णिमेले सत्यनारायण करून टाकू. मास्तर लई खुशीत आहे."

पौर्णिमेचा प्रसाद द्यायला तेच भिंतीपलीकडे गेले. मास्तर वाटीकडे बघतच राहिले.

"दौलतभाऊ, परवा तुम्ही काय म्हणलं होतं?"

"तुम्ही म्हणलं ते."

"पण त्याचा अर्थ?"

"आता अर्थाचं कायले विचारता गा? वीस वर्षांत पहिल्या खेपेले तुम्ही मले काही मागतलं. मी नाई म्हणू?"

"म्हणजे ते मनातून नव्हतं?"

मामाजी दुखावले. "मनातूनच होतं! तुमच्यासाठी अगदी मनातून म्हणलं. आणखी पाहिजे तं रोज म्हणतो. सकाळचा चहा झाला की लगेच."

मास्तरांनी प्रसाद खाल्ला, कारण शिरा वाया घालवणं त्यांना जमत नसे. पण त्या दिवसापासून त्या कार्डानं त्यांची झोप उडाली.

ते मौद्याच्या बाजारात पडताळा घ्यायला गेले. तिथं कार्डाची चलती होती. भोंग्यातून 'माझ्यामागून म्हणा' म्हटलं की भाजीवाले वांगी तोलता तोलता म्हणत, गिऱ्हाईकं पिशवी सावरत म्हणत. एक म्हातारबा तर दर बाजाराला हजर. मास्तरांनी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही मागच्या वेळेसही म्हणलं होतं ना?"

"हाव ना. त्यानं गुडघ्याले आराम पडला. थोडं जास्तीचं द्या ना यावेळेस, घरी बुढीलेही दुखते."

त्या दिवशी मास्तर सायकल हातात धरून चालत आले म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडचा वृत्तांत फार छोटा होता. "हे प्रभू," एवढंच ऐकू आलं, "हे सगळे लोक लई चांगले आहेत. कोणी नाईच म्हणत नाई. आता मी काय करू?"

मला त्यांची कीव आली आणि हसूही आलं. आपल्याकडे अडचण अशी की पाहुण्यानं ताटात वाढलेलं आपण टाकत नाही आणि तोंडात घातलेलं वाक्यही टाकत नाही. आरतीला उभं राहिलं की चाल माहीत नसली तरी आपण ओठ हलवतोच. साहेबांच्या पद्धतीत गडबड काय असेल तर ही, की ती पद्धत नकार देऊ शकणाऱ्या माणसांच्या मुलुखात जन्मलेली असणार.

मग ती मोठी सभा आली. साहेबांनी एका विलायती उपदेशकाला बोलावलं होतं. शहरातल्या मोठ्या मैदानात मंडप घातला, मोफत सरबत ठेवलं, आणि दुभाष्या म्हणून मास्तरांना उभं केलं, कारण आवाज त्यांचाच मोठा. मामाजींबरोबर आम्ही सगळेच गेलो होतो, सरबतासाठी नव्हे असं मी म्हणणार नाही. पाहुणा चांगला बोलला. शेवटी त्यानं हात वर करून लोकांना उभं राहायला सांगितलं. मास्तर माईकमध्ये म्हणाले, "आता मी जे म्हणीन ते सगळ्यायनं माह्यामागून म्हणा."

लोकांनी मान डोलावली. अख्खं मैदान कान देऊन उभं राहिलं. तेवढ्यात माईक खाली घसरला.

"अबे, माईक वर कर," मास्तर माईकवाल्याला म्हणाले.

"अबे, माईक वर कर!" मैदान म्हणालं.

मास्तर दचकले. "नाई नाई, हे नाई म्हणाचं."

"नाई नाई, हे नाई म्हणाचं!"

"अहो, थांबा ना जरा!"

"अहो, थांबा ना जरा!" सगळ्यात मोठा आवाज आमच्या मामाजींचा होता. ते मन लावून म्हणत होते. मी त्यांची बाही ओढली तर म्हणाले, "मधात बोलू नको वं, चुकते."

विलायती पाहुण्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. हजारो माणसं एका सुरात काहीतरी म्हणताना पाहून तो पार भारावून गेला. त्यानं छातीवर हात ठेवला. मास्तरांनी घाम पुसला, एकदा आभाळाकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाले, "प्रभू, आता तूच सांभाळ गा!"

"प्रभू, आता तूच सांभाळ गा!" मैदान गर्जलं.

त्यानंतर कार्डावरचं काही म्हणायची गरजच उरली नाही. पाहुण्यानं स्वतःच 'आमेन' म्हणून टाकलं. घरी येताना रिक्षात मास्तर म्हणाले, "सूनबाई, एवढ्या सभेत शेवटचं तेवढं वाक्य प्रार्थना होतं. अन् तेही छापलेलं नव्हतं."

अहवालात मात्र अख्खं मैदान प्रभूकडे वळल्याचं आलं. मास्तरांनी साहेबांना निरोप पाठवला, की मी यापुढे सांगीन सगळं, पण कोणाकडून म्हणवून घेणार नाही. साहेबांनी उलट निरोप धाडला, की येऊन समक्षच बोलतो.

साहेब येईपर्यंतचे दिवस मास्तरांनी आपली बाजू मामाजींपुढे मांडून पाहण्यात घालवले. त्यांच्याकडे हुकमाचा एक्का होता तो शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, उधळ्या पोरगा. ती गोष्ट त्यांनी ओट्यावर सांगितली. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन परमुलखात जातो, सगळं उडवतो.

"बापाची चूक," मामाजी म्हणाले. "जिता असताना वाटणी कोण देते?"

"ते जाऊ द्या. मंग पोराची पार दशा झाली. डुकरं राखली त्यानं. तिथं बसून त्यानं बापासमोर काय बोलाचं ते ठरवलं. बाबा, मी चुकलो, मले गड्यासारखं ठेव, असं. अन् गेला घरी. तं बाप दुरून धावत आला अन् त्यानं पोराले बोलणं पुरंही करू दिलं नाई! आहे का नाई? भाषणाची गरजच नव्हती!"

मामाजींनी विचार केला. "पण पाठ तं केलंच होतं ना पोरानं? म्हणजे कार्ड होतंच की गा त्याच्यापाशी."

मास्तर उठले आणि चहा न घेता घरी गेले. पुढची संध्याकाळ आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशी भर दुपारी, मी वाळवणं उचलत होते तेव्हा ते भिंतीवरून अर्धे बाहेर आले आणि ओरडले, "दौलतभाऊले सांग, पाठ केलं होतं! पण कोणी बाजूले उभं राहून म्हणवून घेतलं नव्हतं! त्याचं त्यानंच जुळवलं, अन् आपल्या पायानं चालत आला!" मामाजी इतवारीला होते. मी निरोप लिहून ठेवला नाही, पण अजून शब्दन् शब्द लक्षात आहे.

साहेब आले तेव्हा मास्तरांच्या घरी एकच खुर्ची असल्यामुळे बैठक आमच्या ओट्यावर भरली. मी चहा ठेवला आणि दाराआड उभी राहिले. मी काही दगड नव्हे. मास्तरांची नोकरी जाते की राहते ते मला ऐकायचं होतं.

साहेब चिडून बोलले नाहीत. "मास्तर, साध्या माणसाला देवाशी काय बोलावं ते सुचत नाही. त्याला आपण शब्द दिले तर काय बिघडलं? लहान मुलाला बोलायला आपण असंच शिकवतो. प्रभूनंसुद्धा शिष्यांना प्रार्थना शिकवलीच होती."

आता खरं सांगायचं तर मला साहेबांचं म्हणणं पटलं. आजही थोडं पटतं. माझी आई मला झोपताना जे म्हणायला लावायची त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला, पण शब्द होते म्हणून तो कळला.

मास्तर म्हणाले, "शिकवा ना साहेब. शब्द जरूर द्या. पण पोपट 'हो' म्हणला की त्याचं लग्न लावून देऊ नका. मी शास्त्र धुंडाळलं. कोणी झाडावरून उतरून प्रभूपाशी आला, कोणी रात्री गुपचूप येऊन वाद घातला, कोणी रथात बसून विचारत राहिला. हरएकाची तऱ्हा वेगळी. माह्यामागून म्हण अन् तुह्या नावाची नोंद झाली, असं कोणालेच सांगतलेलं मले तं दिसलं नाई. अन् तुम्ही या लोकायले सांगून राहिले का झालं तुमचं, आता काळजी नाई. झालं नसन तं? मी त्याहिले काय तोंड दाखवू?"

"मग मिशनच्या पद्धतीनं काम करायची तुमची तयारी नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले.

मामाजी इतका वेळ दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. मित्राची नोकरी डोळ्यांदेखत चालली होती. त्यांना राहवलं नाही. ते एकदम उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले आणि कार्डावरची अख्खी प्रार्थना तोंडपाठ, कुणी न सांगता, गहिवरल्या आवाजात म्हणून टाकली. 'आमेन' म्हणून डोळा पुसला आणि साहेबांना म्हणाले, "हे सगळं मास्तरमुळे झालं. लई जोराचं काम करते माणूस."

साहेबांचा चेहरा उजळला. "पाहा मास्तर! आणखी कसला पुरावा हवा?"

आता मास्तरांनी फक्त गप्प बसायचं होतं. मी दाराआडून मनात म्हणत होते, गप बसा, गप बसा.

मास्तरांनी मामाजींकडे इतक्या प्रेमानं पाहिलं की मला वाटलं जमलं. मग ते म्हणाले, "साहेब, हा माणूस माह्यासाठी जीव देईन. पण हे त्यानं मनातून म्हणलं नाई. मले वाचवाले म्हणलं. प्रार्थना देवाशी असते, तुमच्याशी नाई."

महिनाअखेर मास्तरांची नोकरी गेली.

आणि मामाजी भडकले. आयुष्यात पहिल्यांदा भडकले. "मी याच्यासाठी खोटं बोललो अन् हा खरं बोलला! माही इज्जत साहेबापुढं मातीत घातली!" ओट्यावरची बैठक बंद पडली. संध्याकाळी मामाजी आत बसून रेडिओ मोठ्यानं लावत. तिकडे मास्तरांनी सकाळच्या प्रार्थनेत हा विषय घेतला आणि आवाज, शक्य असेल तर, आणखी वाढवला.

"हे प्रभू, दौलतभाऊ रागावले आहेत. त्याहिचं चुकत नाई. पण त्याहिले समजाव का मी..."

"देवाले मधात घालू नका!" इकडून मामाजी ओरडले. "मी इथी उभा आहो! सरळ बोला!"

पलीकडची प्रार्थना तुटली. मग मास्तरांचा आवाज, "हे प्रभू, एक मिनिट थांब." आणि पाठोपाठ त्यांचं डोकं भिंतीवर आलं. "चहा प्याले येऊ काय?"

"या!" मामाजी तितक्याच रागानं म्हणाले.

मामाजींनी त्यांना अडतीवर कामाला ठेवलं. ते फार टिकलं नाही. एक तर मिरचीच्या ढिगात मास्तर सारखे शिंकत आणि प्रत्येक शिंकेनंतर देवाचे आभार मानत, त्यामुळे सौदा होत नसे. दुसरं म्हणजे गिऱ्हाइकाला आपणहून सांगत, "वरची मिरची झकास आहे. खालून पाहा, वरून नका पाहू." मामाजींनी त्यांना हात जोडले आणि शिकवण्या मिळवून दिल्या. बाजाराच्या दिवशी मात्र मास्तर स्वतःच्या खर्चानं मौद्याला जातच राहिले. कार्ड नाही, भोंगा नाही. गोष्ट सांगायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे आणि परत यायचे. किती जण वळले, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मले काय माहीत वं? मोजणं ज्याचं काम आहे तो मोजते."

मामाजींना त्यांनी पुन्हा कधी काही म्हणायला लावलं नाही. घोर मात्र गेला नव्हता. तो त्यांच्या बघण्यात दिसायचा. मामाजींचं सत्यनारायण, दर्गा, सोमवार सगळं चालूच होतं.

ऐंशी साल उलटल्यावर मास्तरांच्या फुप्फुसात पाणी झालं. दवाखान्यात होते. एका दुपारी मामाजी आणि मी डबा घेऊन गेलो. मास्तर पार वाळले होते, पण बोलणं शाबूत होतं.

मामाजी स्टुलावर बसले. "डॉक्टर काही चांगलं बोलून नाई राहिला मास्तर."

"माहीत आहे. मी पुढं निघालो आता."

"मंग एक काम करा. पुढं जाऊन माह्यासाठी रुमाल टाकून ठेवा. यष्टीत टाकतो तसा. खिडकीजवळची जागा पाहा."

मास्तर हसले. मग हसणं थांबलं. "दौलतभाऊ, तिथं दुसऱ्याच्या रुमालावर जागा भेटत नाई गा. भेटली असती तं मी वीस रुमाल नेले असते. ज्याचं त्यालेच मालकाशी बोला लागते."

"बोललो आहो ना," मामाजी म्हणाले.

मास्तर कोपरावर उठायला लागले. मी उशी पुढे सरकवली. "कोणाशी?"

"तुमच्या मालकाशी. बरेच दिवस झाले, बोलणं चालू आहे."

"कोणी म्हणवून घेतलं?"

"कोणी नाई. मी अन् तो, दोघंच."

"काय बोलले?" मास्तरांचा श्वास भरून आला होता. हाच प्रश्न त्यांच्या जिवाचा होता, आणि आता वेळ फार नव्हता. "सांगा ना गा. काय म्हणलं तुम्ही त्याले?"

मामाजींनी डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. जगात कुणालाही कशालाही नकार न दिलेला तो माणूस मास्तरांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "नाई सांगत. ते आमचं आमच्यात आहे."

मास्तरांना असं हसू फुटलं की खाट हलायला लागली, खोकला आला, पण हसू थांबेना. मामाजीही हसू लागले. सिस्टर धावत आली आणि तिनं आम्हा दोघांना रागावून वॉर्डाबाहेर काढलं. दारातून मी वळून पाहिलं, तेव्हा मास्तर चादरीच्या टोकानं डोळे पुसत होते आणि अजून हसत होते.